नंबर जुळला पाहिजे: शिकारीच्या रायफलींची सीमेवरची तपासणी

आफ्रिकेत शिकारीला जाणाऱ्या माणसाची रायफल घरातून निघून रानात पोचेपर्यंत तीन-चार खात्यांच्या हातांतून जाते आणि प्रत्येक खाते तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. निघतानाच्या देशातल्या कस्टम्सला एवढेच हवे असते की जी वस्तू बाहेर गेली तीच परत यावी. विमान कंपनीला चिंता असते ती काडतुसांतल्या दारूची. ही बंदूक आपल्या देशात मागे तर राहणार नाही ना, ही काळजी उतरण्याच्या देशातल्या पोलिसांची. पण यांतल्या बहुतेकांचे काम शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबते: पोलादावर कोरलेला सिरियल नंबर आणि कागदावर लिहिलेला नंबर यांचा मेळ. रायफल लंडनच्या नामांकित कारागिराची असो की साध्या दुकानातली, टेबलामागच्या माणसाला त्याने फरक पडत नाही.

परदेशी शिकाऱ्यांचा सर्वांत मोठा ओघ दक्षिण आफ्रिकेकडे असतो आणि त्यांत अमेरिकन सर्वाधिक. त्यामुळे तपासणीच्या बहुतेक रीती, आणि बहुतेक घोटाळेही, याच वाटेवर घडलेले आहेत.

अमेरिकन शिकाऱ्याची पहिली अडचण चमत्कारिक आहे. त्याच्या देशात बंदुकांची केंद्रीय नोंदवही नाही. 1986 च्या कायद्याने ती तयार करण्यालाच मनाई आहे. बहुतेक राज्यांत शिकारीची रायफल विकत घ्यायला किंवा घरात ठेवायला परवाना लागत नाही. दक्षिण आफ्रिकेचा पोलीस जेव्हा ‘मालकीचा परवाना दाखवा’ म्हणतो, तेव्हा या माणसाकडे दाखवायला काहीच नसते. ही पोकळी भरून काढतो अमेरिकी कस्टम्सचा 4457 क्रमांकाचा फॉर्म. हा फॉर्म मुळात बंदुकांसाठी केलेलाच नाही. परदेशी बनावटीचा कॅमेरा, घड्याळ, दागिना घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसाने परत येताना ‘ही बाहेरची नवी खरेदी’ ठरून शुल्क भरावे लागू नये, म्हणून आधीच नोंद करून घेण्याचा तो कागद आहे. दुबईला निघालेल्या बाईने अंगावरच्या सोन्याचे निर्यात प्रमाणपत्र मुंबई विमानतळावर करून घ्यावे, तसलाच हा प्रकार. त्यावर मालकी सिद्ध होत नाही आणि परवानगीही मिळत नाही. तरीही आफ्रिकेतल्या अनेक देशांत तोच परवान्याच्या जागी धरला जातो, कारण त्यावर सरकारी शिक्का असतो आणि नंबर असतो.

फॉर्म भरायला पाच मिनिटे लागतात. खरे काम शिक्क्याचे. रायफल रिकामी करून, पेटीत घालून कस्टम्सच्या कार्यालयात न्यावी लागते. फोटो किंवा खरेदीची पावती पुरत नाही, कारण अधिकाऱ्याने नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा असतो. तो वाचतो, ताडतो, सही करतो, शिक्का मारतो. याला पैसे पडत नाहीत. मोठ्या विमानतळांवर हे काम रोजचे असते, पण लहान गावातल्या कार्यालयात वर्षातून एखादाच शिकारी येत असेल, तिथे बंदूक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे आधी जरा संशयानेच पाहिले जाते. म्हणून फोन करून, वेळ ठरवून जाण्याची पद्धत आहे. फॉर्मवरच्या मोकळ्या ओळींवर काट मारून घ्यावी. पुढे त्यात कोणी भर घातल्याची शंका नको. कस्टम्स आपल्याकडे याची प्रत ठेवत नाही. कागद हरवला की नोंदही संपली, आणि रायफल उचलून पुन्हा तिथेच जायचे.

याच फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक तारीख छापलेली असते. ती फॉर्मच्या छापील आवृत्तीच्या मंजुरीची मुदत असते. शिक्का मारलेला कागद वाचता येईल तोवर चालतो, हे अमेरिकी कस्टम्सचे म्हणणे. पण जोहान्सबर्गच्या पोलिसांनी ती तारीख परवान्याची मुदत म्हणून वाचायला सुरुवात केली आणि जुनी आवृत्ती घेऊन आलेल्यांची कामे अडली. यात पोलिसांना हसण्यासारखे काही नाही. बहुतेक देशांत शस्त्रपरवान्यावर मुदत असते, आणि समोरचा माणूस ज्या कागदाला परवाना म्हणून पुढे करतो त्यावर तारीख छापलेली असेल तर ती उलटून गेली आहे की नाही, हे पाहणे हेच त्यांचे काम. दुसऱ्याच कामासाठी केलेला कागद या कामाला लावल्याचा हा परिणाम होता. तेव्हापासून जाणकार शिकारी जुना शिक्का चांगला असला तरी नव्या आवृत्तीवर नवा शिक्का मारून घेतात.

निर्यातीचा कायदा हा वेगळा भाग. शिकारीच्या रायफलींचे नियंत्रण 9 मार्च 2020 पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेले. पण प्रवाशाच्या सामानातून तीनपर्यंत रायफली आणि एक हजारपर्यंत काडतुसे वेगळ्या परवान्याशिवाय नेता येतात, ही सवलत तशीच राहिली. युरोपीय शिकाऱ्याचे बरे असते, त्याच्याकडे मुळातच परवाना असतो. युरोपीय संघाच्या आत त्याला शस्त्र-पास चालतो, आणि संघाबाहेर शिकारीला जाताना 2012 च्या नियमावलीने 800 काडतुसांपर्यंत स्वतंत्र निर्यात परवान्याची अट त्याच्यावर ठेवलेली नाही.

एवढी काडतुसे प्रत्यक्षात कोणी नेत नाही, कारण विमानात वजनाची मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या नियमांनुसार एका प्रवाशाला खोक्यासह एकूण पाच किलो काडतुसे नेता येतात, तीही फक्त चेक-इन सामानातून. दोन भावांची मिळून दहा किलोची एक पेटी चालत नाही. स्फोटक किंवा आग लावणारी गोळी असलेली काडतुसे तर मुळीच नाहीत. पाच किलो म्हणजे किती, हे बंदुकीवर ठरते. .30-06 चे एक काडतूस साधारण 27-28 ग्रॅमचे, म्हणजे दीडशेच्या वर बसतात. म्हशीसाठी नेतात ते .375 चे काडतूस चाळीस ग्रॅमच्या आसपास, तेव्हा शंभर-सव्वाशेत हिशेब संपतो. दक्षिण आफ्रिकेचा परवाना एका रायफलीमागे 200 काडतुसे देतो. त्या आकड्याला जाड नळीची रायफल नेणारा माणूस वजनकाट्यामुळेच पोचू शकत नाही. तशी गरजही नसते. आठवड्याच्या शिकारीत, निशाणा तपासायच्या गोळ्या धरूनही, साठ काडतुसे भरपूर होतात.

पेटी कठीण कवचाची, सर्व कड्यांना कुलूप लागलेली हवी. झाकणाचा एक कोपरा बोटभर उचलला जात असेल तर अमेरिकेतले सुरक्षा कर्मचारी ती घेत नाहीत. किल्ली प्रवाशाच्या खिशात असावी लागते. किल्ली दुसऱ्या बॅगेत टाकून ती बॅग पट्ट्यावर सोडून देणारे महाभाग प्रत्येक हंगामात भेटतात. बोल्ट काढून ठेवता येतो, पण तो हातातल्या बॅगेतून नेता येत नाही. बंदुकीचा भाग म्हणून तोही चेक-इन सामानातच जातो. दुर्बीण मात्र हातात नेता येते आणि तीच खरे तर जपण्यासारखी नाजूक चीज. अमेरिकेत काडतुसांचे खोके रायफलीच्याच पेटीत ठेवलेले चालते, पण पुढच्या विमान कंपनीला ते वेगळ्या कुलूपबंद डब्यात लागण्याचा संभव मोठा, म्हणून पहिल्यापासून वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

वाटेत विमान बदलायचे असेल तर तिसऱ्याच देशाचा कायदा मध्ये येतो. अॅमस्टरडॅममार्गे जाणाऱ्या रायफलीला, ती विमानतळाबाहेर पडणार नसली तरी, डच कस्टम्सची पूर्वसंमती लागते. ब्रिटनमध्ये सामान हाती घेऊन मुक्काम केला तर तिथल्या पोलिसांचा पाहुण्यांसाठीचा परवाना लागतो. स्वस्त तिकीट शोधताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. अटलांटा आणि न्यूअर्कहून जोहान्सबर्गला थेट विमाने आहेत. ज्यांना परवडते ते त्यानेच जातात, आणि त्यामागे आरामापेक्षा एक परवाना वाचवण्याचा हिशेब जास्त असतो.

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर पासपोर्टची रांग संपवून प्रवासी पट्ट्यापाशी येतो तेव्हा त्याचे कपडे येतात, रायफल येत नाही. ती पोलिसांच्या शस्त्र-कार्यालयात पोचवलेली असते. तिथे एसएपीएस 520 हा फॉर्म भरून द्यायचा असतो. तो काळ्या शाईने भरलेला हवा आणि त्यावरची सही अधिकाऱ्यासमोरच करायची. पंधरा तासांच्या प्रवासात वेळ जात नाही म्हणून विमानातच सही करून ठेवणाऱ्याला नवा फॉर्म भरत बसावे लागते. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचे तिकीट, मालकीचा कागद म्हणजे 4457, आणि शिकार आयोजकाचे निमंत्रणपत्र. त्या पत्रात कोणत्या शेतावर, कोणत्या तारखांना, काय शिकारीला येणार हे लिहिलेले असते. एका कॅलिबरची एकच रायफल, ही अट आहे. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल आणता येत नाही. एकवीस वर्षांखालच्या मुलाच्या नावाने परवाना निघत नाही. तो वडिलांच्या रायफलीने त्यांच्या नजरेखाली शिकार करू शकतो. हे सगळे 2000 च्या बंदूक नियंत्रण कायद्याखाली चालते, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी 2004 मध्ये सुरू झाल्यापासून टेबलावरची कडकपणाची पातळी वाढलेली आहे. तात्पुरत्या परवान्याला सरकारी फी नाही.

कागद आधी काही आठवडे पाठवून परवाना तयार ठेवण्याची सोय आहे आणि ते काम करून देणारे एजंटही आहेत. ते पैसे घेतात, पण विमानतळावर प्रवाशाला सोबत करतात, त्याच्या हातातले कागद क्रमाने लावून देतात. ज्याचा परवाना असा आधीच तयार आहे तो अर्ध्या तासात मोकळा होतो. ज्याचा नाही त्याने त्याच वेळी सहा-आठ जणांचा कंपू उतरला असेल तर बाकावर बसून राहावे. अमेरिकेहून थेट येणारी विमाने दुपार टळल्यावर उतरतात, त्यामुळे त्याच दिवशी पुढचे देशांतर्गत विमान पकडण्याचा बेत बहुधा फसतो. शिवाय रायफल देशात पहिल्यांदा जिथे उतरते तिथेच परवाना व्हावा लागतो. निघताना काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मदत म्हणून पेटीला पुढच्या गावाची चिठ्ठी लावली, तर पेटी परवान्याशिवाय पुढे निघण्याचा धोका असतो. जुने आयोजक म्हणूनच पाहुण्यांना पहिली रात्र विमानतळाजवळ काढायला लावतात.

आता तो नंबर. अधिकारी पेटी उघडायला सांगतो, रायफल रिकामी आहे हे बोल्ट मागे ओढून दाखवावे लागते, आणि मग तो टॉर्च घेऊन वाकतो. दिसायला हे दहा सेकंदांचे काम. पण जुन्या रायफलीवर एकच आकडा नसतो. नळीच्या चाचणीच्या खुणा असतात, मॉडेलचा क्रमांक असतो, कारखान्यातल्या जोडणीचा क्रमांक असतो, आणि यांतला सिरियल नंबर कोणता हे मालकालाच माहीत नसते. इंग्लिश दुनळी रायफलीचा नंबर घोड्याच्या कवचाच्या शेपटावर आणि नळ्यांच्या पोटाखाली असतो. नळ्यांखालचा पाहायला रायफल उघडून नळ्या उतरवाव्या लागतात. काही बोल्ट रायफलींवर दुर्बिणीचा पाया नंबरच्या नेमका वर बसवलेला असतो. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची गल्लत तर नेहमीची. घरी फॉर्म भरताना मालकाने ‘ओ’ लिहिले, शिक्का मारणाऱ्यानेही तसेच वाचले, आणि जोहान्सबर्गच्या अधिकाऱ्याला ते शून्य दिसले, की मग मोठी चर्चा सुरू होते. नंबरच्या पुढचे एक अक्षर गाळलेले असणे हाही असाच दोष. इथे नियम साधा आहे: पोलादावर जे आहे ते कागदावर जसेच्या तसे, अक्षरांसह, आणि प्रत्येक कागदावर एकसारखे.

नळ्या बदलता येणाऱ्या जर्मन रायफलींनी या कामात नवीन गुंता आणला आहे. ब्लेझर आर 8 सारख्या रायफलीला एकच दस्ता आणि तीन कॅलिबरच्या तीन नळ्या असू शकतात. मालकाच्या लेखी ती एक रायफल. नियंत्रणाच्या दृष्टीने नळी हा बंदुकीचा मुख्य भाग, म्हणून तिच्यावरचा नंबरही नोंदवावा लागतो. ज्याने अमेरिकेत फक्त दस्त्याकडचा नंबर लिहून घेतला, त्याच्या नळ्या कागदाविना उरतात. काडतुसांच्या बुडावर ठसा असतो. अधिकारी चार-दोन काडतुसे उलटी करून तो वाचतो. .375 हॉलंड आणि .375 रूगर ही वेगळी काडतुसे आहेत, 9.3×62 आणि 9.3×74 आरही वेगळी. फॉर्मवर नुसते ‘.375’ लिहिणाऱ्याला हे तिथे उभे राहून समजावत बसावे लागते. घरी भरलेल्या काडतुसांत दुसऱ्याच कॅलिबरचे पितळ वापरलेले असेल तर ठसा जुळत नाही, आणि तेव्हा समजावूनही उपयोग होत नाही.

शेजारी देशांत कामाचा साचा हाच, फक्त टेबल वेगळे. नामिबियात विंडहुकच्या होशिया कुटाको विमानतळावर पोलीस तिथल्या तिथे परवाना देतात आणि काम सहसा लवकर उरकते, मात्र पिस्तूल कोणत्याही कारणाने चालत नाही. बोत्स्वानात 2014 ते 2019 शिकारबंदी होती. केनियात ती 1977 पासून आजपर्यंत आहे, म्हणजे ‘सफारी’ हा शब्द जिथून जगभर गेला त्या देशात शिकारीची रायफल नेण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

भारतातही तो उरलेला नाही, पण एकेकाळी ओघ उलट दिशेने होता. पन्नास-साठच्या दशकांत परदेशी शिकारी रायफली घेऊन मध्य भारताच्या जंगलांत येत. नागपुरातली ॲल्विन कूपर ही कंपनी त्यांच्या शिकारसहली आखत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते युग संपवले. मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यात परदेशी पर्यटकाला खेळापुरती शस्त्रे परवान्याविना आणू देणारी तरतूद राहिली. मराठी माणसाचा रायफल घेऊन विमानतळावर जाण्याशी आज जो संबंध येतो तो नेमबाजांमुळे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारात उतरला, तिथे .22 ची रायफल लागते. पाच किलोचा नियम त्या नेमबाजांनाही आहे. फक्त त्यांचे काडतूस सव्वातीन-साडेतीन ग्रॅमचे, तेव्हा त्यांच्या पाच किलोत हजारावर काडतुसे बसतात. नंबर जुळवण्याची कटकट मात्र तंतोतंत तीच.

परतीच्या तपासणीकडे लोक निष्काळजीपणे पाहतात. तात्पुरत्या परवान्यावर आलेली रायफल त्याच माणसाबरोबर बाहेर गेली पाहिजे. आवडत्या मार्गदर्शकाला ती भेट देऊन येता येत नाही. उरलेली काडतुसेही सहज देता येत नाहीत, कारण दक्षिण आफ्रिकेत ज्याच्याकडे त्या कॅलिबरच्या बंदुकीचा परवाना नाही त्याने तिची काडतुसे बाळगणे गुन्हा आहे. निघताना पोलीस परवाना आणि रायफल पुन्हा ताडून पाहतात, आणि अमेरिकेत उतरल्यावर 4457 त्याच्या मूळ कामाला येतो: ही रायफल इथूनच गेली होती. शिंगे आणि कातडी यांचा या सगळ्याशी संबंध नसतो. ती काही महिन्यांनी, वेगळ्या कागदांवर, माल म्हणून येतात.

दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात परवानाधारक आपली बंदूक स्वतःच्या सततच्या देखरेखीखाली दुसऱ्याला वापरू देऊ शकतो. त्यामुळे जवळपास प्रत्येक आयोजक पाहुण्याला रायफल भाड्याने देतो, आणि त्या रायफलीचे कागद सांभाळणे ही त्याचीच जबाबदारी राहते. कुडू-इम्पालासाठी पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा. ज्याला स्वतःचीच रायफल न्यायची आहे त्याने तिकीट काढण्याच्या आधी दुर्बीण उतरवून, भिंग घेऊन नंबर वाचावा, शंका असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी, आणि मगच पहिला फॉर्म भरायला बसावे.